सरदाराच्या डोक्यावरची कढई

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे आणि मला भयंकर राग आलाय. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे बघा.

पत्रा ठोकून ठोकून मला बनवलं. तळायला नाही. एका बाइंडरने, ज्यांना सगळे काका म्हणतात त्यांनी, मला खळ शिजवायला घेतलं, पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवायची खळ. एकवीस वर्षं तेच काम. छापखान्याचा मालक म्हणायचा, "काकांचं पुस्तक फाटेल, पण उसवणार नाही."

काका शिवता शिवता वाचायचे. घोड्यावरच्या शूर सरदारांच्या गोष्टी. पण शेवटची पानं छापखान्यातून नेहमी उशिरा यायची आणि घाईत न वाचताच शिवली जायची. म्हणजे एकही सरदार हरलेला काकांनी वाचला नाही. त्यांना वाटलं, सरदार हरतच नाहीत.

एका सकाळी त्यांनी मला घासूनपुसून डोक्यावर पालथं घातलं. माझ्या दोन्ही कानांत दोरा ओवून हनुवटीखाली गाठ मारली. हातात पडद्याची दांडी. निघाले अन्याय शोधायला.

पुतणी म्हणाली, "काका, जेवायच्या आत या. आणि कढई परत आणा, खळ संपलीय."

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. शिंप्याने खांद्याला मापाची पट्टी टेकवून त्यांना सरदारकी दिली. चष्मेवाला लवून मुजरे करायला लागला. मग एक दिवस शिंपी गंभीर तोंड करून म्हणाला, "सरदार, कोपऱ्यावर राक्षस आलाय. पोटात माणूस घालून गरागरा फिरवतोय."

कोपऱ्यावर काँक्रीट कालवायचं मशीन होतं.

"माणसाचा आवाज येतोय?" काकांनी विचारलं.

"रडतोय बिचारा," चष्मेवाला म्हणाला. मोबाईल त्याने आधीच काढला होता.

काका धावले. दांडी खुपसली. मशीनने दांडी फिरवली, काकांनाही फिरवलं आणि आपटलं. डोकं मी वाचवलं, हा पोचा बघा. उजवं मनगट मात्र मोडलं. सुईचा हात. पडल्या पडल्या ते विचारत होते, "तो सुटला का?"

आणि हे दोघे दात काढत होते.

पुतणी धावत आली. शिंपी म्हणाला, "अगं, गंमत केली जरा. हौस त्यांचीच ना?"

"हौस त्यांची. मशीन तुम्ही दाखवलंत. आता सुई कोण धरणार, तुम्ही?"

प्लास्टर निघालं, पण बोटं नीट मिटत नाहीत. शिवणकाम संपलं. काका शहाणे झाले म्हणतात सगळे. काका खिडकीशी बसून असतात.

परवा चष्मेवाला दारात आला. "काका, एकदा कढई घाला ना डोक्यावर. पोरांना दाखवायचंय."

काकांनी डाव्या हाताने मला मांडीवर घेतलं. माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या मशीनमध्ये खरंच कुणी नव्हतं ना?"

"नाही हो, काका."

"मग बरं झालं. मला झोप लागत नव्हती."

चष्मेवाला खाली बघत राहिला. मित्रांनो, वेडा म्हणतात तो हा माणूस. तुम्हाला हसायचं तर हसा. पण कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खाली फोटो काढत उभे राहू नका. वरचा पडतो तेव्हा त्याला वाचवायला प्रत्येक वेळी कढई पुरत नाही.