याएलचा चुडा

"रिव्का, तू मागे सर. चुडा सवाष्णीनं भरायचा," हनोखभावजी म्हणाले.

हिरव्या बांगड्या माझ्या हातात होत्या. समोर चटईवर माझी लेक याएल बसलेली, मध्ये मलिद्याचं ताट: गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि वर पाच फळं. दुसऱ्या दिवशी तिच्या लग्नासाठी ठाण्याला निघायचं होतं, त्याआधी घरी एलियाहू नबीच्या नावाचा मलिदा. दवनीवाड्यात यहुदी घर आमचं एकच. हिब्रू प्रार्थना म्हणायला थोरल्या दिरांना पनवेलहून बोलावलं होतं. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेल्यापासून वीस वर्षांत फिरकले नव्हते. आले ते हे सांगायला!

"कुठं लिहिलंय, भावजी? आपल्या शास्त्रात दाखवा मला."

"लिहिलेलं नसेल. पूर्वापार चालत आलंय. विधवेचा हात लागला तर पोरीला पाप भोवतं."

माझं डोकंच फिरलं. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. ही रीत तिथल्या हिंदू शेजाऱ्यांकडून उचललेली, असं खुद्द माझे सासरे सांगायचे. शेजाऱ्यांच्या घरांतून ती आली, आणि आम्ही तिला आमचा देव चिकटवून बसलो!

"याच हातांनी मी इथल्या आरोग्य केंद्रात तीन हजार बाळंतपणं केली," मी म्हटलं. "तेव्हा कुणाच्या लेकराला पाप भोवलं?"

त्यांनी दाराशी उभ्या तुलसाकडे पाहिलं. तुलसा आमच्या केंद्रातली आया. कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या.

"बाई, तुम्ही भरा."

तुलसा जागची हलली नाही. "मी काऊन जी? माया बी पयला नवरा मेलाच ना. हा दुसरा हाये. आमच्यात दुसरं लगन करून देतेत. तुमच्यात नवऱ्यासंगं बाई बी मरते का जी?"

भावजी गोरेमोरे झाले. एरवी मी पोट धरून हसले असते, पण तेव्हा अंगाची नुसती आग झाली. परधर्माची बाई चालते, आई चालत नाही.

"मग भर तूच," ते म्हणाले. "प्रार्थना मी म्हणणार नाही."

याएल त्यांच्याकडे बघत राहिली. बापाच्या माणसांतला हा एवढा एकच तिच्या वाट्याला आला होता. तो जाऊ नये, असं तिला वाटत होतं. आणि मी थांबले. खरंच, बांगड्या हातात धरून क्षणभर थांबले. त्या थांबण्याचा राग मला आजही येतो.

मग तिनंच दोन्ही हात माझ्यापुढे केले. "आई, भर."

मी चुडा भरला. भावजी पिशवी उचलून एसटीच्या थांब्याकडे निघाले. मी हाक मारली नाही.

मलिदा तसाच राहिला. प्रार्थनेशिवाय तो वाटत नाहीत. मला हिब्रूतलं येत होतं फक्त शेमा प्रार्थनेचं, देव एकच आहे असं सांगणारं, पहिलं वाक्य, नवरा जाताना त्याच्या कानात म्हटलेलं. मी डोक्यावर पदर घेतला आणि तेवढं मोठ्यानं म्हटलं. पुढचं येत नव्हतं, म्हणून पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या वेळी याएलही माझ्याबरोबर म्हणू लागली.