त्या घरातली वीस मिनिटं

रुहीला सोमवारी शाळेत पोस्टर न्यायचं होतं, सुट्टीत कुठे गेलो होतो त्याचं. म्हणून शनिवारी सकाळी उपासनाने डायनिंग टेबलावर रंग काढून दिले, तीन वर्षांच्या कबीरच्या हातातली कात्री काढून घेतली आणि हीटरचा आकडा पुन्हा एकदा तपासला. बाहेर, मिनियापोलिसजवळच्या त्या ईडन प्रेरी गावावर बर्फ पडतच होता. तिचा नवरा सत्यजित ग्रोसरीला गेला होता, आणि रस्ते निसरडे असतील ही काळजी तिच्या डोक्यातून जात नव्हती.

फोन टेबलावर पालथा होता. तो वाजणार हे तिला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ प्रितम दर शनिवारी याच वेळेला नागपूरहून फोन करायचा. गेले सात शनिवार तिने तो उचलला नव्हता.

ख्रिसमसच्या सुट्टीत नागपूरला जाताना तीन दिवस लंडनला थांबा, हा हट्ट तिच्या बाबांचा. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. बाबासाहेब शिकायला होते तेव्हा ज्या घरात राहिले, ते घर नातवंडांनी बघावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. "मले काही आणू नको," ते म्हणाले होते. "पोट्ट्यायले तेवढं घर दाखवून आण."

ती मिनियापोलिसहून निघाली त्याच दिवशी बाबांना हॉस्पिटलात हलवलं. प्रितमने कळवलं नाही. लंडनहून फोन केला की कधी बाबा झोपलेले असायचे, कधी आंघोळीला गेलेले. लांब परदेशात असलेल्या माणसाला वाईट बातमी तो घरी पोचल्यावरच सांगायची, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. नागपूरच्या विमानतळावर न्यायला शेजारचे नरेंद्रकाका आले. त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि तिच्याकडे न बघता "चल बेटा" म्हणाले. तिथेच तिला कळलं. बाबा आदल्या दिवशीच गेले होते.

"बाप माझाही होता," ती भरल्या घरात प्रितमला म्हणाली होती. "ठरवणारा तू कोण?" त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

रुहीने लाल बस काढली. मग तळं, आणि तळ्यात बदकं. खूप बदकं.

"रुही, ते घर नाही काढलंस? आजोबांनी सांगितलेलं?"

"विच हाउस?"

"अगं, पायऱ्या होत्या बघ."

"ओह, दॅट." रुही चोच रंगवत राहिली. "वुई डिडन्ट रिअली सी इट, मम्मा. यू केप्ट सेइंग हरी अप."

उपासना खुर्चीत बसली. पोरगी खोटं बोलत नव्हती. त्या दिवशी कबीरचं पोट बिघडलं होतं, स्ट्रोलर पायऱ्यांवरून उचलून आत न्यावा लागला होता, रुहीचे मोजे भिजले होते. आत ती काहीच बघत नव्हती, फक्त पोरं कशाला हात लावतात तेवढं बघत होती. वीस मिनिटांत सगळे बाहेर. वर जाणं झालंच नाही. उद्या परत येऊ, असं ती सत्यजितला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कबीरला ताप आला. हे तिने नागपुरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

फोन वाजला. तिने तो सुलटा केला, थोडा वेळ नावाकडे बघत राहिली, आणि हाताला गोंद लागला होता म्हणून स्पीकरवर टाकला.

"जयभीम, ताई." पलीकडे तो गडबडलाच. "उचललास."

"हं. बोल."

"पोरं बरी?"

"बरी आहेत."

"ताई, मी नाही ठरवलं गं. बाबांनीच सांगितलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणे, कळलं तर उपा अर्ध्या वाटेतून पळत येईल, तिले घर पाहू दे. आता त्यांना नाही कसं म्हणू?"

ती बोटांवरचा गोंद खरवडत राहिली.

"दुसऱ्या दिवशी विचारलं, पोचले का पोट्टे? म्हटलं, पोचले. तर म्हणे, काय काय पाह्यलं? आता मला काय माहीत! मी आपलं ठोकून दिलं, सगळं घर पाह्यलं, वरपर्यंत गेले. मग शांत झोपले. तेव्हापासून तुला विचारायचं होतं. मी खोटं तर नाही ना बोललो त्यांच्याशी? शेवटचंच बोलणं होतं गं ते."

रुहीने मान वर केली. "बट मम्मा..."

उपासनाने तिच्या हातावर हात ठेवला.

"नाही रे," ती म्हणाली. "वरपर्यंत गेलो होतो."

"काय आहे वर?"

"खोल्या. एक खिडकी आहे, रस्ता दिसतो. पोरं किती वेळ तिथे उभी होती. कबीर तर निघायलाच तयार नव्हता."

पलीकडून रडणं आलं. घरात माणसं असताना, ती तोंडाला येईल ते बोलल्यावरही, प्रितम रडला नव्हता. ती फोनजवळ वाकून बसून राहिली.

"बरं झालं," तो कसाबसा म्हणाला. "ठेवतो, ताई."

कबीर टेबलाखाली शिरला होता. तिने त्याला ओढून मांडीवर घेतलं. रुही ब्रश हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"यू लाइड टू मामा."

"हो."

"व्हाय?"

"तो लांब आहे ना," उपासना म्हणाली.