एक पान हिरवं असेपर्यंत

झुबेरनं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि पाण्याचा फवारा थेट आंब्याच्या शेंड्यावर सोडला. आधी पानांवरून दुधट पाणी ओघळलं, मग राखाडी, आणि बऱ्याच वेळानं एकेक पान आपल्या मूळ रंगावर आलं. हाताला येणारी खालची पानं तो ओल्या फडक्यानं पुसत होता, जेवून उठलेल्या पोराचं तोंड पुसावं तशी. वादीच्या, त्या वाळवंटी ओढ्याच्या, कोरड्या पात्रापलीकडची खडीची क्रशर अजून सुरू व्हायची होती. ती सुरू झाली की दुपारपर्यंत सगळं मुसळ केरात जाणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो रोज धूत होता.

"कुठलं झाड?" पडवीतून बागेच्या मालकानं, महमूदनं विचारलं. म्हाताऱ्याची नजर केव्हाच गेली होती. सकाळचा कहवा पीत तो पाण्याचा आवाज ऐकत बसायचा.

"विहिरीजवळचं, अर्बाब."

"आणि बाकीची?"

"बाकीची गेली."

हे उत्तर महमूदला पाठ होतं. तरी तो रोज विचारायचा, आणि झुबेरही रोज नव्यानं सांगितल्यासारखं सांगायचा.

आखातातल्या खाबुऱ्याच्या या बागेत एके काळी लिंबांची दाटी होती आणि त्यांच्यामागे आंब्यांच्या रांगा. त्यातली कितीतरी कलमं झुबेरनं स्वतःच्या हातांनी बांधली होती. श्रीवर्धनजवळच्या गावातून तो आला तेच मुळी कलमं बांधायला. धुळीचं म्हणाल तर या मुलखाला धूळ काही नवी नाही; वाऱ्यानं येते, वाऱ्यानं जाते. क्रशरची धूळ मात्र जायचं नाव घेत नाही. ते दगडाचं पीठच. रात्री समुद्रावरून दमट हवा येते, पानांवरचं पीठ भिजतं आणि सकाळच्या उन्हात त्याचा पापुद्रा धरतो. पानाला ना ऊन मिळत, ना श्वास घेता येत. आधी लिंबं गेली. मग आंब्यांना मोहर यायचा, पण त्यावर मधमाश्यांच्या आधी धूळ बसायची आणि तो काळा पडून गळायचा. वादीतली सिदरची झाडं, आपल्याकडच्या बोरीची ती भावंडं, तीही राखेत लोळवून काढल्यासारखी उभी होती. कोणी पाणी घालून वाढवलेली नव्हती ती, त्यामुळे ती वाळली तरी कोणी हळहळलं नाही.

तक्रार करावी तर क्रशर म्हाताऱ्याच्या मुलाची, मुआजची. महमूदला कोणी सुचवलंच तर तो म्हणायचा, "त्याच क्रशरच्या पैशावर माझी चूल पेटते. कुठल्या तोंडानं बोलू?"

घरी परतायला झुबेरला कायद्यानं कोणी अडवलं नव्हतं. पासपोर्ट त्याच्याच पेटीत होता. अडकवून घेतलं होतं त्याचं त्यानंच. महमूदची बायको, मुआजची आई म्हणून उम्म मुआज, रुस्ताकच्या इस्पितळात शेवटच्या दुखण्यात पडली होती, तेव्हा तिनं झुबेरला जवळ बोलावलं. इतकी वर्षं ती त्याला मुलासारखं जेवू घालत आली होती. "बागेत एक पान हिरवं असेपर्यंत म्हाताऱ्याला सोडून जाऊ नकोस," ती म्हणाली. तेव्हा बाग एवढी गच्च होती, की ती संपेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. झुबेरनं "वल्लाह" म्हणून शपथ घेऊन टाकली. माणूस शब्दाचा पक्का, आणि आता त्या पक्केपणाचाच त्याला जाच झाला होता.

दुपारी गावाकडून बायकोचा, वजीराचा फोन आला.

"घातलीत का आंघोळ माझ्या सवतीला?"

"घातली."

"बरा झाला. आपली पोरगी उमामा पुढल्या आयतवारी येतेय, मला पनवेलला न्यायला. माझ्यानं हितं एकटीनं व्हत नाय आता. तुमी येत असाल तर मी थांबते. नायतर घराला कुलूप. मग कवातरी आलाव की कुलपाशी गप्पा मारत बसा."

"झाड जिता हाय गो अजून. मी काय करू?"

पलीकडून ती अगदी साधेपणानं म्हणाली, "मग नका धुवू."

झुबेर तिच्यावर चिडला. असली गोष्ट तोंडातून काढवते कशी, असं काहीबाही बोलून त्यानं फोन ठेवला. पण संताप खरा तिच्यावरचा नव्हता. हेच वाक्य कितीतरी दिवस त्याच्या स्वतःच्या मनात दबा धरून बसलं होतं, आणि तिनं ते उजेडात आणलं.

दुसऱ्या सकाळी त्यानं नळी उचलली आणि पाणी शेजारच्या वाळलेल्या खोडावर सोडलं. म्हाताऱ्याला आवाज हवा होता, तो मिळाला.

"कुठलं झाड?"

"विहिरीजवळचं," झुबेर म्हणाला. हयातीत त्यानं महमूदशी बोललेलं हे पहिलं खोटं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग रोज तेच होऊ लागलं. वजीराला त्यानं थोडं थांबायला सांगितलं, का ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, उमामाचं येणं मात्र पुढे ढकललं. आंबा बघता बघता भुरा झाला. पानं कडेनं करपली, वळली आणि खडखडत खाली येऊ लागली. विहिरीकडे जाताना झुबेर मान खाली घालायचा, गावात तोंड चुकवावं तसा. अखेर शेंड्याचीही पानं गळाली, आणि एका सकाळी तो नळी न उचलताच पडवीत आला.

"अर्बाब, तोही गेला."

महमूदनं कप खाली ठेवला.

"मला घेऊन चल."

हाताला धरून झुबेरनं त्याला विहिरीजवळ नेलं. म्हाताऱ्यानं खोड चाचपलं, बुंध्यापासून वर जाता जाता एक जाडशी फांदी हाताला लागली, तिथं तो थांबला. मग अंगठ्याच्या नखानं त्यानं तिची साल खरवडली.

धुळकट सालीखाली हिरवीगार, ओली रेघ उघडी पडली होती. पालवी फुटायला जे लागतं ते सगळं त्या रेघेत शाबूत होतं. महमूदला रंग दिसत नव्हता. त्याचा अंगठा मात्र ओला झाला होता. त्यानं तो नाकाशी नेला. कच्च्या चिकाचा तिखट वास झुबेरपर्यंत आला.

पलीकडे क्रशर सुरू झाली.

"खलास," महमूद म्हणाला. "तुझा शब्द पुरा झाला, झुबेर. आता घरी जा."

"अर्बाब, मी..."

"बायको वाट बघत असेल. जा."

एवढं बोलून म्हातारा गुडघ्यावर हात देत खाली वाकला आणि आळ्यात चाचपू लागला. माती ओली होती. पानं धुणं झुबेरनं सोडलं होतं, पण मुळं तहानलेली ठेवणं काही त्याच्या हातून झालं नव्हतं. संध्याकाळी पाय आपोआप वळायचे. महमूदनं त्या चिखलाचा एक गोळा उचलला, चाचपत फांदीवरची खरवडलेली जागा शोधली आणि ती जपून लिंपू लागला. कडा दाबल्या, वरून बोट फिरवलं, भेग राहिली नाही ना ते पुन्हा एकदा चाचपून घेतलं.

"झाड गेल्याचं मुआजला एवढ्यात सांगू नकोस," तो म्हणाला. "त्याला इथं ट्रक उभे करायचे आहेत. उद्याच तोडायला माणसं धाडील."

झुबेर उभाच होता. ज्या सुटकेसाठी इतके दिवस जीव टांगणीला लावला, ती मिळाली होती, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"चल, पडवीपर्यंत ने मला," म्हणत महमूदनं चिखलानं भरलेला हात पुढे केला.

झुबेरनं तो धरला. चिखल दोघांच्याही बोटांत भरला. वाट चार पावलांची होती, पण तिकीट कधीचं काढू, एवढं विचारायला काही त्याचं तोंड उघडेना.