भिंगरीच्या फ्रॉकची शिवण

मी एक जुनी शिलाई मशीन आहे मित्रांनो, पायाने चालणारी. जुनी म्हटलं की लोकांना वाटतं, मोडीत निघालेली. वाटू दे. माझा टाका आजही असा सरळ पडतो की कालच्या मशीनींनी येऊन शिकून जावं.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग दिला आणि वर सोनेरी वेल काढली. मग दुकानाच्या काचेमागे मी ऐटीत उभी राहिले. भिंगरीच्या आईने मला पाहिलं तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. किती दुकानं पालथी घातली असतील तिने, पण हात ठेवला तो माझ्याच चाकावर. पारख होती बाईला!

तिच्यासोबत मी सासरी आले. गल्लीतले पडदे, अभ्रे, बाळांची झबली, सगळं माझ्यावर शिवलं गेलं. बायका म्हणायच्या, "शिवावं तर हिच्याकडेच." ती हसून माझ्याकडे बोट दाखवायची.

भिंगरी माझ्या पायाशीच वाढली. एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी. तेव्हा शाळा घराला लागून होती. दुपारी दप्तर भिरकावलं की ती स्टुलावर चढायची, आईला सुईत दोरा ओवून द्यायची आणि शाळेतलं एकूण एक सांगायची. कोण रडलं, कोणी कुणाचा खाऊ पळवला, बाईंची चप्पल वर्गातच कशी तुटली. आई हसायची आणि माझं चाक गरगरत राहायचं.

मग ती शाळा संपली. पुढची मोठी शाळा लांब होती, बसने जायची. नव्या शाळेचा फ्रॉक शिवताना आईचा हात काही चालेना. गळा शिवला, उसवला, पुन्हा शिवला.

"एवढ्या मोठ्या शाळेत हिला कोण विचारणार गं?" ती मावशीला म्हणाली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, खालच्याच मजल्यावर राहते.

"पोरगी चाललीय शाळेत आणि धाप लागलीय तुला!" मावशी म्हणाली.

पहिल्या दिवशी बस गेली. आई घरी येऊन माझ्यापुढे बसली. सुईत दोरा ओवायला गेली, तर ओवताच येईना.

रिकामं घर तिला खायला उठलं. म्हणून ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला जाऊ लागली. तिथल्या विजेच्या मशीनी म्हणे वाऱ्यासारख्या पळतात. पळेनात का! माझ्यावर मात्र चादर पडली आणि चादरीवर घड्या न केलेल्या कपड्यांचा ढीग. मला त्या घराने फळी करून टाकलं मित्रांनो, फळी!

आई संध्याकाळी गळून यायची. "जेवलीस? अभ्यास झाला? चल, झोप." एवढंच बोलणं. भिंगरीही मुकी झाली.

एके दिवशी तिच्या फ्रॉकची बगलेखालची शिवण उसवलेली निघाली. आईने माझ्यावरचा ढीग ढकलला आणि भिंगरीला दोरा ओवायला बसवलं.

"कोणी ओढलं गं?"

भिंगरीने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी शिवण पुन्हा उसवली. मग रोजच.

आईचा जीव टांगणीला लागला. कारखान्यात तिने बाह्या उलट्या जोडल्या. शेवटी ती शाळेत गेली. बाई म्हणाल्या, "मुलगी शांत आहे. एक मैत्रीण आहे तिची, दोघी डबा वाटून खातात." आईला वाटलं, फ्रॉक ओढणारी सापडली! शाळा सुटताना फाटकाशी तिने त्या मैत्रिणीला सगळ्यांदेखत झापलं आणि घरी येऊन मावशीला सांगितलं.

"आपल्या पोरीला विचारलंस का आधी?" मावशी म्हणाली.

"विचारून विचारून तोंड दुखलं माझं! बोलते का ती?"

मग तिने पिशव्या शिवायचा जाड दोरा काढला आणि त्या शिवणीवर शिवणी मारत सुटली. मी कुरकुरले, अडले, दोरा तोडला. अगं बाई, शिवण कापडापेक्षा घट्ट केलीस तर फाटेल ते कापडच! इतक्या वर्षांचा हात तुझा, हे मी सांगायचं तुला? पण ती ऐकायच्या पलीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी फ्रॉक काखेपासून कमरेपर्यंत टरकलेला आला. आईने तो माझ्यावर आपटला.

"बास. उद्यापासून शाळा बंद. मला नको ती शाळा. माझी पोर मला परत द्या!" आता हे ती कुणाला सांगत होती, देव जाणे.

तेव्हा भिंगरी किंचाळली. "मीच उसवते! बसमध्ये, पेन्सिल घालून. आज सुटेना म्हणून ओढलं, तर फाटलं."

"तू? का गं?"

"शिवताना तरी तू मला जवळ बसवतेस."

आईने फाटका फ्रॉक उचलून मांडीवर घेतला.

"आणि मैत्रीण आता दुसऱ्या बाकावर बसते," भिंगरी म्हणाली. "तू ओरडलीस ना तिला."

आईने भिंगरीला जवळ ओढलं. भिंगरीने अंग चोरलं.

सकाळी आई म्हणाली, "मी येते. तुझ्या मैत्रिणीची माफी मागते."

"तू नको येऊस," भिंगरी म्हणाली आणि आईने रात्रीच ठिगळ लावलेला फ्रॉक घालून एकटीच जिना उतरली.

आई बस बघायला खिडकीशी गेली नाही. कारखान्यातही गेली नाही. ती माझ्यापुढे बसली आणि पेडल मारू लागली. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. असं रिकामं चालवलं की कापड पुढे सरकवणारे माझे दात झिजतात मित्रांनो. मला तेल घाला, झाकून ठेवा, पण रिकामं चालवू नका. आणि घरातलं लेकरू मुकं झालं, तर त्याचा कपडा उलटासुलटा करून बघत बसू नका, आधी त्याला जवळ घ्या.

आईला मात्र मी त्या दिवशी अडवलं नाही. झिजले तर झिजले. तिला रडायला काहीतरी आवाज हवा होता.