खुर्चीला फुटलेला दात

बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या दारातून निघालेली रांग टपाल कचेरीला वळसा घालून औषधाच्या दुकानापर्यंत पोचली होती, आणि रांगेतला प्रत्येक माणूस आ वासून उभा होता. महाराजांची आज्ञाच तशी होती. हिरडीतल्या बीजाला आधी अर्धा तास उजेड दाखवायचा, मग महाराज त्याला हाक मारणार. त्यामुळे निवृत्त बस कंडक्टरपासून बँकेतल्या बाईंपर्यंत सगळी प्रतिष्ठित मंडळी आकाशाकडे तोंड उघडून उभी होती आणि माश्यांची चंगळ चालली होती.

दंतमहाराज पडलेला दात पाच मिनिटांत उगवून देतात, अशी ख्याती होती. व्यासपीठावर भक्ताला बसवायचं, त्याच्या आणि स्वतःच्या डोक्यावरून एक जाड शाल ओढून घ्यायची आणि आत मंत्र पुटपुटायचा. शाल बाजूला झाली की भक्ताच्या तोंडात पांढराशुभ्र दात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, खोटं कशाला सांगू?

मी स्वतः दात बनवतो. डॉक्टर नव्हे, कारागीर. डॉक्टर रुग्णाच्या दातांचं माप घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात. त्यावरून क्राउन, म्हणजे झिजलेल्या दातावर बसणारी टोपी, किंवा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधली रिकामी जागा भरणारा पूल, मी टेबलाशी बसून घडवतो. अठरा वर्षं हेच करतोय. एक दात मनासारखा उतरायला मला तीन दिवस लागतात. हा गृहस्थ पाच मिनिटांत मोकळा होतो म्हटल्यावर माझ्या पोटात दुखलं, हे कबूल करतो.

पण मी तिथे गेलो तो ताईसाठी. माझी मोठी बहीण शिवणकाम करते. कात्री हाताशी असली तरी दोरा दाताने तोडायचा, ही तिची तीस वर्षांची खोड. शेवटी वरचा पुढचा दात हिरडीपाशी तुटला, आणि आत राहिलेलं मूळ सडलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मूळ काढू, जखम भरू दे, मग ब्रिज बसवू. ब्रिज मीच करणार होतो. ताईने मूळ काढायचं ऐकलं मात्र, आणि शेजारणीबरोबर महाराजांकडे जाऊन नवा दात उगवून घेऊन आली.

आठ दिवसांत तिचा ओठ सुजला. मग गाल. नवव्या दिवशी सूज डोळ्याखाली चढली आणि अंगात ताप भरला. महाराजांनी निरोप धाडला की दात मूळ धरतोय, चाळीस दिवस डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही, औषधाला शिवायचं नाही, नाहीतर दात रुसेल. डॉक्टरीणबाई मला फोनवर म्हणाल्या की पू डोळ्याकडे सरकतोय, आजच्या आज घेऊन या, उद्यावर टाकू नका. मी ताईच्या हातापाया पडलो. तिने सुजलेल्या ओठातून एवढंच म्हटलं, "तुझ्या पोटावर पाय येतोय, म्हणून बोलतोस तू."

हे माझ्या फार जिव्हारी लागलं. त्याच दुपारी ती पुन्हा महाराजांच्या दर्शनाला निघाली, तेव्हा वाद न घालता मी माझी कामाची पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर गेलो.

रांगेत मी माझ्या सवयीप्रमाणे लोकांचे दात पाहत होतो. बरेच जण दुसऱ्या दातासाठी आलेले होते, त्यामुळे पहिला पाहायला मिळाला. आमच्याकडे दातांच्या सोळा छटांची एक पट्टी असते. माणसागणिक दाताचा रंग वेगळा, म्हणून ती पट्टी तोंडाशी धरून रंग जुळवायचा असतो. मी गुपचूप अकरा चमत्कार जुळवून पाहिले. अकराच्या अकरा एकाच छटेचे. कंडक्टरसाहेबांनी जन्मभर तंबाखू खाल्लेली, सगळी बत्तिशी तपकिरी, आणि मधोमध हा एक दात नुकता चुना मारलेल्या भिंतीसारखा. मी एका स्वयंसेवकाला विचारलं की सगळ्यांना एकच रंग कसा. तो म्हणाला, "तो शुद्धतेचा रंग आहे." मला कळलं की महाराजांनी दात बनवायच्या पावडरीची एकच बाटली आणलेली आहे.

आत धुपाचा इतका धूर की पंखे असूनही माणूस ओळखू येईना. महाराज उंच पाठीच्या लाकडी खुर्चीत बसले होते. "प्रत्येक हिरडीत बीज असतं," ते सांगत होते. "डॉक्टर त्यावर सिमेंट ओततो. मी श्रद्धेचं पाणी घालतो. दगडाला दात फुटत नाही, लाकडाला फुटत नाही. का? तिथे बीज नाही." टाळ्या पडल्या. विज्ञानाचा एवढा मोठा सिद्धान्त कुणाला आजवर सुचला नव्हता, हे खरंच आहे. तेवढ्यात धुराखालून आमच्या लॅबमधला ओळखीचा उग्र वास माझ्या नाकात शिरला, आणि उरलासुरला संशयही फिटला.

महाराज खुर्चीवरून उठून बँकेतल्या बाईंपाशी गेले आणि दोघं शालीत गडप झाली. मी खिशातलं फडकं काढलं आणि सरळ व्यासपीठावर चढलो. हातात फडकं असलेल्या माणसाला कुठल्याच सभेत कुणी अडवत नाही. खुर्ची पुसतोय असं दाखवत मी तिच्या हातावर माझं काम उरकलं आणि बाजूला उभा राहिलो.

शाल निघाली. बाईंना दात आला होता, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या रांगेत बसलेली ताईची शेजारीण खुर्चीकडे बोट दाखवत होती. खुर्चीच्या डाव्या हातातून एक पांढरी, टपोरी दाढ वर आली होती.

मग कंडक्टरसाहेबांनी हात जोडले. म्हणाले, महाराजांच्या स्पर्शाने लाकूडसुद्धा जागं झालं. बघता बघता सगळे हात जोडले गेले. मी महाराजांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, पण धंद्यातला माणूस, त्यांनी डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाले, "मी जिथे बसतो, तिथे बीज पडतंच."

"ती दाढ मी लावली," मी म्हणालो.

आणि काय सांगू, अर्धं सभागृह माझ्याकडे वळून मला हात जोडू लागलं. एक आजोबा तर तोंड उघडून पुढे सरकले. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. या लोकांना महाराज हवा होता. तो कोण, याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

तेव्हा मी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या, एक पावडरीची आणि एक पाण्यासारख्या द्रवाची, आणि कंडक्टरसाहेबांना वर बोलावलं. म्हटलं, आता मी हात लावणार नाही, तुम्हीच करा. त्यांनी वाटीत पावडर घेतली, वर द्रव ओतला, ढवळलं. थोड्या वेळाने त्याचा मऊ गोळा झाला. तो मी त्यांना रबरी साच्यात दाबायला लावला आणि साचा मुठीत धरायला सांगितला. मिनिट दोन मिनिटं गेली आणि ते दचकले.

"तापतंय हे."

"शालीत असताना हिरडीत असंच तापलं होतं ना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. साचा उलटा केला, तर त्यांच्या तळहातावर दात पडला. त्यांनी तो निरखला, मग जिभेने स्वतःचा नवा दात चाचपला. "म्हणजे माझ्या तोंडात हेच बसवलंय?"

हेच बसवलं होतं. हा एक प्रकारचा प्लॅस्टिकचा मसाला आहे. द्रव मिसळला की तो घट्ट होतो आणि होताना आपोआप तापतो. मंत्र म्हटला तरी, शिवी दिली तरी. डॉक्टरही तो वापरतात, पण तात्पुरत्या दातासाठी, आधी मूळ तपासून, पक्का दात तयार होईपर्यंत. महाराजांनी तो सडक्या मुळांवर थापला होता आणि शेजारच्या दातांना चिकटवून दिला होता. खालचा पू बाहेर पडायची वाटच बंद. हे सगळं मी मोठ्याने सांगितलं. बोलून वळलो तर शाल जमिनीवर पडलेली, आणि मध्यंतरात लोक ज्या दाराने चहाला जायचे, त्या दाराने महाराज पसार झाले होते.

ताई केव्हा व्यासपीठावर आली ते मला कळलं नाही. तिने द्रवाची बाटली उचलून नाकाशी नेली.

"तुझ्या शर्टांना हाच वास येतो," ती म्हणाली. मग बाटली खाली ठेवून, "चल. बाईंचा दवाखाना उघडा असेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी महाराजांचा प्रसाद चिमट्याने उचकटला तेव्हा खालून जे बाहेर आलं, त्याचं वर्णन करत नाही. मूळ निघालं, औषधं सुरू झाली, तिसऱ्या दिवशी ताईचा डोळा नीट उघडला. आणखी एक दिवस गेला असता तर काय, हे बाईंनी तिच्यासमोर सांगितलं नाही, मला बाहेर बोलावून सांगितलं.

जखम भरायला तीन महिने गेले. मग शेजारचे दोन दात बारीक केले, माप माझ्याकडे आलं, आणि मी तिच्यासाठी तीन दातांचा ब्रिज केला. रंग जुळवायला दोनदा तिला उन्हात उभी केली. बसवायच्या दिवशी खुर्चीत मागे रेलण्याआधी ताईने तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि प्रश्नांची फैर झाडली. हा कशाचा आहे? किती वर्षं टिकेल? निघाला तर कुणाला धरायचं?

बाई हसल्या. मी एकेक उत्तर दिलं, आणि शेवटच्या प्रश्नाला म्हणालो, "मला धर."

वाचकहो, उपदेश करायची मला सवय नाही, मी दात घासूनपुसून गुळगुळीत करणारा माणूस. पण तुमच्या तोंडात, पोटात किंवा डोक्यात कुणी काही घालायला आला, तर आधी हे तीन प्रश्न विचारा. जो उत्तर देईल, त्याच्यासमोर तोंड उघडा. जो म्हणेल की विचारलंस तर देव कोपेल, त्याच्यासमोर दात घट्ट आवळून उभे राहा.