एक घर पुढे

पद्माकर त्या सकाळी उठला तोच एक अक्षर पुढे सरकून.

"अघं, छळा ठाख," तो म्हणाला.

शरयूने चहा टाकला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा कुठल्याही भाषेत बोलू दे, सकाळचं पहिलं वाक्य चहाचंच असणार. पण कप घेऊन ती बाहेर आली तर खाट रिकामी. नवरा शेजारी जुबेदाभाभींच्या ओट्यावर बसून तिथूनच हात पुढे करत होता.

"भाऊ आमच्याकडं आलेत, वहिनी," जुबेदाभाभी म्हणाल्या. "असू देत की. फक्त जेवायला काय करू, तेवढं विचारून सांगा."

चूक कुणाची हे शरयूला लगेच समजलं. मिरजेच्या बाजारात औषधाच्या दुकानावर तिचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्या मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवताना ती आधी गुप्त निरोपाचा खेळ शिकवायची. प्रत्येक अक्षराच्या जागी पुढचं अक्षर ठेवायचं, क चा ख, ख चा ग. ज्याला वाचायचं असेल त्याने तितकंच मागे यायचं. आदल्या संध्याकाळी पद्माकर डबा द्यायला आला होता. हा हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस, पण कुठलंही बटण दिसलं की ते दाबून बघायची हौस दांडगी. "आमचं नाव टाक बघू, काय होतंय," तो म्हणाला. तिने टाकलं, बटण दाबलं आणि वीज गेली. दोघं कुलूप लावून भरल्या वांग्यांच्या गप्पा मारत घरी आली. नाव परत उलटवायचं राहूनच गेलं. त्यात तिने प्रोग्रामला थांब म्हणूनही सांगितलं नव्हतं. आता वीज जाऊन आली की ते मशीन पुन्हा एकदा चाले आणि पद्माकर आणखी एक अक्षर पुढे जाई. अक्षरापाठोपाठ घरही, कारण त्यांच्या आळीत घरांना नंबर नव्हते, अक्षरं होती. शरयूचं घर र चं, जुबेदाभाभींचं ल चं, आणि आळीच्या टोकाला ज्ञ. ज्ञ च्या पुढे मोकळा प्लॉट होता आणि त्यात गवतसुद्धा उगवत नसे.

तिने क्लासमधलं मशीन बंद केलं. वायर काढून पर्समध्ये घातली. वीज आली की ते तरीही चाले. मग घरच्या लॅपटॉपवर, त्याच प्रोग्राममध्ये, तिने पद्माकरचं सरकलेलं नाव टाकून एक घर मागे घेतलं, तेव्हा तो चपलांसकट परत आलाही. ती वरण गरम करेपर्यंत वीज गेली, आली आणि ताटावरचा माणूस उठून पुन्हा पुढच्या घरी. उन्हाळ्यात मिरजेत वीज जायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिला खरी काळजी पडणाऱ्या अक्षरांची होती. वर्गात ती प्रत्येक बॅचला ओरडायची, "ज्ञ नंतर काय, ते लिहिलं का? नाही लिहिलं तर अक्षरं कडेवरून खाली पडतील!" आणि स्वतःच्याच प्रोग्राममध्ये तिने ते लिहिलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पहिल्याच दिवशी पद्माकरच्या तोंडून ज्ञ पडला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग क्ष पडला, ळ पडला. जुबेदाभाभींनी ते केरसुणीने गोळा करून वाटीत आणून दिले. मग ह पडला, आणि पद्माकरला हसता येईना.

तसं कारण घडलं होतं. समोरच्या घरातल्या बोकडाने शरयूची धुतलेली साडी अंगावर ओढून घेतली आणि तो नवरीसारखा आळीभर फिरला. पद्माकरने तोंड उघडलं, त्याचे खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. आवाज मात्र नाही. शरयूने घरी येऊन त्याच्या जेवणाच्या परत आलेल्या डब्यात पाहिलं तर ह डाळीच्या दाण्याएवढा होऊन पडला होता. तो हातात घेऊन ती रडली. त्या हसण्यावर भाळून तर तिने लग्न केलं होतं, नाहीतर पेटीवाल्याकडे होतं काय!

पद्माकर शेवटी ज्ञ च्या घरी पोचला. तिथे कुणीच राहत नव्हतं. शरयू लॅपटॉप घेऊन गेली तेव्हा तो पायरीवर बसून एका जुन्या पेटीचा भाता पुसत होता. त्याच्या नावातला र आता ज्ञ वर येऊन टेकला होता. आणखी एकदा वीज आली की र पडणार, हे दोघांनाही माहीत होतं. बोलण्यातली अक्षरं पडली तर माणूस मुका होतो. नावातली पडायला लागली तर माणसाचं काय होतं, ते तिने कधी शिकवलं नव्हतं.

तो बोलला ते तिने टाइप केलं आणि नऊ अक्षरं मागे घेतलं. पडलेल्या अक्षरांच्या जागा ती अंदाजाने भरत गेली. अंदाज कुठेच चुकला नाही.

पडद्यावर आलं: गाणं वरच्या पट्टीत न्यायचं तर नुसती पेटी चढवून भागत नाही. तबलापण तेवढाच चढवायला लागतो.

"म्हणजे मी यायचं?"

त्याने मान हलवली.

"अहो, आणि घर?"

त्याचं उत्तर तिने टाइप केलं. घराला कुलूप लावलंस ना?

"लावलं."

मग झालं तर.

शरयूने त्याच्या नावाशेजारी स्वतःचं नाव टाकलं आणि तिचा हात थांबला. नऊ अक्षरं पुढे गेली की तिच्या नावातला श सगळ्यात आधी पडणार होता. म्हणून तिने पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती ती ओळ आता लिहिली. ज्ञ संपला की परत क. ओळ बरोबर आहे का हे तपासायला वेळ नव्हता. न तपासता बटण दाबणाऱ्या मुलाला ती वर्गाबाहेर उभं करत असे. तिने बटण दाबलं.

"शरयू," पद्माकर म्हणाला.

लग्नात उखाणा घेताना त्याने तिचं नाव घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर उभ्या जन्मात नुसतं अगं. तिला इतकं बरं वाटलं की ती आधी रागावलीच. "एवढी वर्षं तोंडाला काय झालं होतं?"

पद्माकर हसला, आवाजासकट, पोट धरून, अगदी खोकला येईपर्यंत. पायरीवर दोघं एकमेकांना चिकटून बसली आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिकडे ल च्या ओट्यावरून जुबेदाभाभी हात हलवून काहीतरी ओरडत होत्या. त्यातलं एक अक्षरही आता शरयूला कळत नव्हतं. बहुधा जेवायचं विचारत असाव्यात. तिनेही हात हलवला.

आळीतले पंखे थांबले. समोरच्या घरातला रेडिओ गप्प झाला.

"गेली," पद्माकर म्हणाला.

"येईल आता," शरयू म्हणाली. तिने लॅपटॉप मिटून पायरीवर ठेवला आणि त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं. त्याने पेटी काखेत घेतली. रेडिओ पुन्हा बोलायला लागला, आणि दोघं उठून एक घर पुढे गेली.

मोकळ्या प्लॉटवर आता दाराची चौकट उभी होती. भिंत नव्हती. आळीतल्या प्रत्येक चौकटीवर मधोमध अक्षर असे, तशी इथेही जागा सोडलेली होती, पण कुणी काही लिहिलं नव्हतं. उंबऱ्यावर खडूचा तुकडा पडला होता. शरयूने तो उचलला. टाचा उंच केल्या तरी तिचा हात पोचेना. तेव्हा पद्माकरने पेटी खाली ठेवली आणि तिला कमरेशी धरून वर उचललं.