बानित्साच्या घरातली सुटी वीट

हे तुम्ही कुणी खरं मानणार नाही. नका मानू, माझं काही अडत नाही. चाळीस वर्षं मी या डोंगरातल्या गावांमधून विटांच्या चुली बांधल्या. पाद्र्याच्या घरातली चूल तर अशी बांधली, की ती शेवटची पेटवून अकरा वर्षं झाली तरी मांजर अजून तिच्यावरून उठायला तयार नाही. तेही कुणी मानत नाही. मांजराला विचारा, म्हणतो मी. पण आजची गोष्ट त्याच्याही पुढची आहे. फावडं बडवत साप हाकलायला निघालेल्या बाईनं एका सापाला त्याचं घर मिळवून दिलं. आणि ती बाई इथं माझ्यासमोर बसून माशाचे काटे काढतेय.

"मला मध्ये ओढू नका, वेल्चोभाऊ," स्तामेना म्हणाली. "मी माझं काम केलं."

स्तामेना म्हणजे माझी शेजारीण. आज ब्लागोवेत्सचा, मार्चअखेरचा सण, उपवासातही मासा चालतो असा, म्हणून ताटात मासा. सकाळीच तिनं आपल्या आणि माझ्या अंगणाला तीन फेऱ्या घातल्या होत्या. एका हातात निखारे ओढायचं फावडं, दुसऱ्या हातात लोखंडी चिमटा, एकावर एक दणादण, आणि तोंडानं 'पळा सापांनो, पळा पालींनो, ब्लागोवेत्स आला!' हे नाही केलं तर उन्हाळाभर साप घरात शिरतात, असं तिची आजी सांगायची. माझीही सांगायची.

अंगणातल्या टेबलाशी तिसरा कुझमान, सोलूनच्या गाडीचा चालक. ग्रीसमधल्या सोलूनहून सहा तास गाडी हाकून दुपारी इथं पोचतो, आणि सणाच्या दिवशी जेवण बरोबर माझ्याकडेच शोधतो. चौथी माझी नात नेवेना. तिलाही त्यानंच आणलं होतं. ती स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड करत होती.

"सांगा," कुझमान म्हणाला. "पण मागच्या वेळी अस्वलानं तुमची विळी परत आणून दिली होती, तसलं नको."

"परत दिली होती. धारही लावून."

तर गोष्ट बरोबर वर्षापूर्वीची. नेवेना सोफियात शिकत होती, आखडलेले हातपाय मोकळे करायची विद्या. तिची खोलीतली मैत्रीण परदेशी गेली आणि जाताना अजगराचं पिल्लू हिच्या गळ्यात टाकून गेली. गळ्यात म्हणजे खरंच गळ्यात. मादी, काळ्या-तपकिरी नक्षीची, करंगळीपेक्षा जरा जाड. भ्यायली की स्वतःभोवती घट्ट गुंडाळून डोकं मधोमध लपवायची. तबकातल्या बानित्सासारखी. गुंडाळी केलेली चीजची बानित्सा खातो आपण, तशीच. म्हणून नाव बानित्सा.

मग नेवेनाला सोलूनच्या इस्पितळात काम मिळालं. तिथल्या घरमालकिणीला साप चालत नव्हता. नेवेना सापाची पेटी घेऊन माझ्या दारात. "आजोबा, सांभाळाल?"

मी होकारच दिला. सहा खोल्यांचं घर आहे माझं, स्वतःच्या हातानं बांधलेलं. मुलगा गेला, सून गेली, बायको त्याच्याही आधी गेली. पाच खोल्यांना कुलपं. मी स्वयंपाकघरात चुलीमागे झोपतो. म्हटलं, घरात कुणीतरी श्वास घेणारं येतंय. त्याचा बडेजाव करू.

आणि केला. विटांचं घर बांधलं तिला, चार हात लांब, दोन हात उंच, वर कमान, पुढं काच, आत दोन खांब. खालून चुलीचा धूर फिरवला, म्हणजे फरशी कायम ऊबदार. असं घर आपल्या आमदारालाही नाही.

"खांब कशाला?" कुझमाननं विचारलं.

"शोभेला. आणि आत पाय पसरून बसता यावं एवढी जागा."

"कुणाचे पाय?"

"तू मासा खा," मी म्हटलं.

बानित्सानं त्या महालाकडे ढुंकूनही बघितलं नाही. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेली, गुंडाळली, डोकं आत. पहिला आठवडा मी हात लावला नाही, नव्या जागेत तसंच करायचं असतं. दुसऱ्या आठवड्यात उंदीर दिला. नाही. तिसऱ्यात दिला. नाही. उंदीर विकतचे, गोठवलेले, फ्रीजच्या बर्फाच्या खणात मटारच्या पिशवीशेजारी.

"मला सांगितलं नव्हतं ते," स्तामेना म्हणाली. "मी मटार घ्यायला खण उघडला."

तिची किंकाळी पाद्र्यापर्यंत गेली होती. पण बाई मनाची चांगली. दुसऱ्याच दिवशी दुधाची वाटी घेऊन आली. आपल्याकडे चुलीखाली घराचा धनी असतो, साप. त्याला कुणी बघत नाही, कुणी मारत नाही, दूध तेवढं ठेवतात. स्तामेनाचं म्हणणं, आफ्रिकेतला असला तरी धनी तो धनी. दूध साय धरून फाटलं. बानित्सानं जीभसुद्धा लावली नाही.

नेवेना रोज फोन करायची. "आजोबा, फरशीवर तापमापक ठेवा." ठेवला. धुराच्या बाजूला एक्केचाळीस. "अहो, भाजून निघेल ती! गरम बाजू बत्तीस हवी, दुसरी पंचवीस. तिला हवं तेव्हा तिनं सरकायचं." मी धूर कमी केला. पोर गार पडायला लागली. वाढवला. पुन्हा चाळीस. चाळीस वर्षांचा कारागीर मी, आणि हाताएवढ्या जिवाला ऊब देता येईना.

शेवटी नेवेना म्हणाली, "ब्लागोवेत्सला दुपारच्या गाडीनं येते. तोवर खाल्लं नाही तर प्लोवदिवचा एक माणूस तिला घेऊन जाईल. त्याच्याकडे साठ साप आहेत, त्याला कळतं. मरू तर नाही द्यायची ना तिला."

बरोबरच होतं तिचं. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या काचेसमोर बसलो. बानित्सा प्लोवदिवला गेली की नेवेना इथं कशासाठी येणार? माझ्या गुडघ्यांची चौकशी फोनवरही होते. आजोबाला बघायला माणूस येतो, पण नाताळात येतो. सापाला बघायला मात्र यावंच लागतं.

सणाची सकाळ उजाडली. मी कुंपणाशी जाऊन स्तामेनाला विनवलं, "वहिनी, यंदा माझं अंगण सोडा. आत आजारी आहे."

"सोडलं तर सगळे माझ्याकडे येतील," ती म्हणाली, आणि माझ्याच खिडकीखाली दणादण सुरू. जमीन हादरली. सापाला कान नसले तरी जमीन हादरलेली कळते. फेरी संपल्यावर आत जाऊन बघतो, तर महाल रिकामा.

काच बंद. कमान शाबूत. गेली कुठून?

आणि मग खाली बघितलं. तळाच्या ओळीत एक वीट दोन बोटं सरकलेली.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, चुलीच्या तळाला एक वीट चिखल न लावता सोडायची. घराच्या धन्याला जायला-यायला. मी बांधलेल्या प्रत्येक चुलीत ती आहे. हात आता मला विचारत नाहीत, आपले आपण सोडतात. बानित्साच्या घरातही त्यांनी सोडली होती! ज्याला कोंडायचं त्याच्याच घराला साप जायचा दरवाजा ठेवणारा गवंडी दुसऱ्या कुठल्या मुलखात मिळेल, सांगा.

शोधाशोध झाली. पलंगाखाली, बुटांत, लोकरीत. पिठाचं पोतं चाळणीनं चाळलं मी, पळीभर पीठ वाया न घालवता. माझा आरडाओरडा ऐकून स्तामेना धावत आली, हातात तेच फावडं.

मी म्हटलं, "बाई, मारू नका हो!"

"मारायला कशाला येऊ? हाकलायचे ते रानातले. हा घरातला आहे. ओट्याखाली बघितलं का?"

आणि तिलाच दिसली. ती चुलीजवळ ओणवी झाली आणि तशीच थांबली. माझ्या जुन्या चुलीतली सुटी वीट मागं सरकली होती आणि फटीतून शेपटीचं टोक दिसत होतं, बोटाएवढं. मी गुडघे टेकून आत डोकावलो. एका बाजूला विस्तवाची ऊब, दुसऱ्या बाजूला बाहेरची गार भिंत. जागा माझ्या तळहाताएवढी. आणि त्या तळहाताएवढ्या जागेत बानित्सा अशी चिकटून बसली होती, की पाठ विटेला, पोट विटेला, वर वीट, खाली वीट. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं डोकं वर होतं.

मी तिथंच जमिनीवर बसून राहिलो. मनात आलं, वेल्चो, तू स्वतः कुठं झोपतोस? सहा खोल्या सोडून चुलीमागच्या सापटीत. आणि या पोरीला खांब दिलेस!

दोन वाजता नेवेना आली. सगळं ऐकलं. रागावली नाही. उंदीर कोमट पाण्यात शेकला आणि म्हणाली, "चिमटा आहे का लांब?"

"होता," स्तामेना माशावरून मान वर करून म्हणाली. "माझा. सापांना हाकलायचा. आज सकाळीसुद्धा तुमच्याकडून मागून न्यावा लागला."

त्याच चिमट्यानं! नेवेनानं फटीपाशी उंदीर धरला, जरासा हलवला. आम्ही तिघंही श्वास रोखून. स्तामेना तर क्रूसाची खूण करत होती. आणि खट्! डोळा मिटायच्या आत उंदीर वेटोळ्यात. दहा मिनिटांत पोटात. नेवेना हसता हसता रडायला लागली आणि मी धुरानं डोळे चुरचुरतात म्हणालो.

महाल त्याच संध्याकाळी फोडला. बायकोच्या कपड्यांच्या कपाटाचा खालचा लांब खण काढला, दोन हात लांबीचा, पुढं सरकती काच बसवली. तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा, जरासा ओलसर. एका टोकाला खालून नेवेनाची विजेची चटई, बत्तीसला आपोआप बंद होणारी. मातीची दोन बिळं घडवून भाजली, बरोबर त्या फटीच्या मापाची, एक उबेला, एक गारव्याला, म्हणजे लपायचं की शेकायचं असा पेच तिला पडायला नको. मधे पाण्याचा जड वाडगा. वर झाकण, झाकणाला कडी. कडी लावताना हात शिवशिवत होते, कुठंतरी फट सोडू दे म्हणत होते. नाही सोडली. नेवेनानं आपल्या मनगटावरचा, मार्चभर शुभ म्हणून बांधतात तो लाल-पांढरा दोरा त्या कडीला बांधला आणि स्वयंपाकघराच्या तराजूत बानित्साला ठेवून वजन केलं. एकशे ऐंशी ग्रॅम. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

"म्हणजे प्लोवदिव रद्द," कुझमान म्हणाला. "यात न पटण्यासारखं काय आहे?"

तेच तर पुढं आहे. तेव्हापासून बानित्सा माझ्या हातून घास घेत नाही! दर दहा दिवसांनी उंदीर शेकतो, चिमट्यात धरतो, आर्जवं करतो. तोंड फिरवते. नेवेना आली की मात्र लगेच. महिना-दीड महिन्यात एकदा खाल्लं तरी जगतात हे प्राणी, असं नेवेनाच म्हणाली होती. म्हणून बिचारीला यावं लागतं, वर्षातून आठ वेळा, सहा तास गाडीत बसून. काय करणार? मुकं जनावर.

"पण नेवेना आलीय हे तिला कळतं कसं?"

"तू चौथ्या वळणावर हॉर्न देतोस ना? तेव्हाच बिळातून डोकं बाहेर येतं."

"मी हॉर्न पाचव्या वळणावर देतो."

"तिचे कान तुझ्यापेक्षा तिखट आहेत."

"आत्ताच म्हणालात, सापाला कान नसतात."

स्तामेना माशात बघत म्हणाली, "मग वेल्चोभाऊ, बर्फातले उंदीर सारखे संपतात ते…"

"वहिनी, मासा घ्या अजून. राकिया ओतू?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात नेवेना उभी राहिली. दोन्ही हातांत तराजूचं तबक, आणि तबकात, काठोकाठ, गुंडाळलेली बानित्सा.

"आठशे चाळीस ग्रॅम," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "माझ्या हातून वर्षात फक्त आठ उंदीर गेलेत, आजोबा, एवढ्यावर वजन असं वाढतं? खोटं बोलताय तुम्ही! आणि हे मला मे महिन्यापासून ठाऊक आहे. दर खेपेला तुम्ही दुपारी झोपलात की मी वजन करते."